फादर स्टीफन्स कुणाचे? पर्वरी, वसई आणि कुवेत

'ख्रिस्तपुराणा'वरच्या एपिसोडमध्ये एक प्रश्न हातातून निसटला. गोव्यात पर्वरीला जेझुइट फादरांची एक संशोधन संस्था आहे: थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र. नाव पुन्हा वाचा. मराठी भाषेची सगळ्यात गाजलेली स्तुती ज्यांनी लिहिली, शाळेच्या पुस्तकांतून जे आपल्याला 'फादर स्टीफन्स' म्हणून भेटले, त्यांचं नाव कोंकणीच्या केंद्राला. ही चूक आहे, कुरघोडी आहे, की आपलंच वाचन अर्धवट आहे? केंद्राचा पत्ता तर आणखी गमतीचा: बा. भ. बोरकर रोड. मराठीत आणि कोंकणीत दोन्हीकडे तितक्याच मोकळेपणाने लिहिणाऱ्या कवीच्या नावाचा रस्ता.

पुण्या-मुंबईत हा प्रश्न चर्चासत्रातला. मी राहतो त्या कुवेतमध्ये तो दर आठवड्याला जिवंत होतो. इथे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारच्या मिस्सेची गर्दीही शुक्रवारी. कुवेत सिटीतल्या होली फॅमिली कॅथीड्रलच्या आवारात अरबी, इंग्रजी, मल्याळम, तमीळ, फिलिपिनो लोकांची टागालोग असं सगळं कानावर येतं आणि त्यात कोंकणीही असते. आवारातले 'आपल्या बाजूचे' लोक नीट पाहिले तर तीन गट दिसतात. एक गोव्याचे, बरेचसे सासष्टी आणि बार्देशचे. त्यांची प्रार्थनेची भाषा कोंकणी, पण पुस्तक रोमन अक्षरांत. दुसरे मंगळूरचे. भाषा कोंकणीच, लिपी कन्नड. तिसरे वसईचे. घरात कादोडी किंवा वाडवळी, पण देवळात मराठी, देवनागरीत.

या तिन्ही गटांचा स्टीफन्सशी थेट संबंध आहे. सासष्टीत त्यांनी आयुष्य काढलं. वसईत काही काळ राहिले. आणि पुस्तक गोव्यात नाहीसं होत असताना त्याची हस्तलिखितं मंगळूरच्या बाजूला जपली गेली. मात्र आज तिघांपैकी कुणालाही ते पुस्तक सहज वाचता येत नाही, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. ते समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून यावं लागेल.

थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, विल्टशर परगण्यातले. साल साधारण १५४९. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक असणं धोक्याचं होतं. ते रोमला गेले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाजात चढले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. पोहोचल्यावर वडिलांना प्रवासाचं सविस्तर पत्र लिहिलं. ते पुढे हॅक्लुट याने आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापलं आणि इंग्लंडात हिंदुस्थानच्या समुद्रमार्गाची उत्सुकता वाढवायला त्याचा हातभार लागला. १५८३ च्या दुसऱ्या पत्रात, भावाला लिहिताना, इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे असं त्यांनी नोंदवलं. विल्यम जोन्स हेच म्हणाले ते तब्बल दोनशे वर्षांनी.

इथे आखाताचा एक धागा येतो. त्याच १५८३ साली राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी अलेप्पो, बगदाद, बसरा करत आखातातून होर्मुझला आले. आज मी जिथे बसून लिहितोय त्या किनाऱ्याजवळून. कुवेत शहर तेव्हा वसलंही नव्हतं. होर्मुझला पोर्तुगिजांनी त्यांना हेर समजून पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात पाठवलं. त्यांना जामिनावर सोडवण्यात स्टीफन्सनी मदत केली. आखातात अडकलेल्या माणसाला ओळखीच्या फादरने सोडवणं ही गोष्ट त्यानंतर इथे किती वेळा घडली असेल, कोण मोजणार.

आता सासष्टी. ही गोव्यातली सासष्टी, ठाण्याची साष्टी नव्हे. १५६७ मध्ये पोर्तुगिजांनी तिथली देवळं पाडली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात लोकांनी पाच जेझुइटांना ठार केलं. नंतर त्या गावच्या गावकरांना बोलणीसाठी म्हणून आसोळणा किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं. मारल्या गेलेल्या जेझुइटांचे मृतदेह मिळवायला गेलेल्यांत स्टीफन्स होते. 'ख्रिस्तपुराणा'बद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा थेट मोगरा-कस्तुरीच्या उपमांवर उडी मारतो, आणि हे सगळं गाळून टाकतो. ते गाळलं की पुस्तकाचं प्रयोजनच कळत नाही.

प्रयोजन पुस्तकात दिलेलं आहे. पहिल्या पुराणाच्या सुरुवातीला धर्मांतरित झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? वेळ घालवायला, ऐकायला, म्हणायला काहीतरी हवं ना. म्हणजे आधी पुस्तकं हिरावली गेली, आणि त्या रिकाम्या जागेत हे पुराण आलं. स्टीफन्स त्या हिरावणाऱ्या व्यवस्थेचाच भाग होते. तरी लोकांची गरज त्यांनी ऐकली, आणि उत्तर लोकांच्याच छंदात, ओवीत दिलं. मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच त्यांना वाचायला हवं. नुसता 'मराठीप्रेमी परदेशी संत' किंवा नुसता 'धर्मांतराचं हत्यार' म्हटलं की वाचायचं काम संपतं, म्हणून ती लेबलं सोयीची.

पुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं. दोन भाग: पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अध्याय, ज्यांना तिथे 'अवस्वरू' म्हटलंय. एकूण ओव्या १०,९६२. धर्मचिंतक म्हणून स्टीफन्सचं खरं काम ओव्यांच्या संख्येपेक्षा शब्दांच्या निवडीत आहे. स्वर्गाला काय म्हणायचं? त्यांनी 'वैकुंठ' वापरलं. देवाला 'परमेश्वर'. विचार करा, ज्या माणसाच्या वरिष्ठांना देऊळ दिसलं की पाडावंसं वाटत होतं, तो ख्रिस्ताला वैकुंठात नेऊन बसवतो. विष्णूचं ते धाम आहे हे त्यांना माहीत नसेल असं मानायला जागा नाही. शब्द ओळखीचा ठेवून अर्थ हळूहळू बदलायचा, ही त्यांची रीत. दुसरीकडे काही ठिकाणी मात्र त्यांनी पोर्तुगीज शब्द तसेच ठेवले, कारण तिथे गोंधळ परवडणारा नव्हता. कुठला शब्द भाषांतरित करायचा आणि कुठला परका ठेवायचा, हा निर्णय म्हणजेच त्यांचं धर्मशास्त्र.

आणि भाषा? प्रस्तावनेत त्यांनी स्वतः जे सांगितलंय ते पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. देवाधर्माचं निरूपण करायला या देशातल्या भाषांत मराठी योग्य, म्हणून मराठीत लिहिलं, असं ते म्हणतात. पण लगेच पुढे म्हणतात की शुद्ध मराठी सर्वसाधारण लोकांना समजत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि ठिकठिकाणी 'ब्राह्मणांच्या भाषेतले' सोपे शब्द मिसळले. ही 'ब्राह्मणांची भाषा' म्हणजे सासष्टीत बोलली जाणारी, आज आपण जिला कोंकणी म्हणतो ती. मराठी स्तुतीच्या ओव्या आपण उचलल्या आणि ही कबुली मागे राहिली.

पर्वरीच्या केंद्राच्या बाजूने पाहिलं तर स्टीफन्सची बाकी दोन पुस्तकं समोर येतात. प्रश्नोत्तरी स्वरूपाची 'दौत्रीन क्रिस्तां', म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, १६२२ मध्ये छापलं गेलं. आणि 'आर्त द लिंग्वा कानारीं' हे व्याकरण, १६४० मध्ये. दोन्ही कोंकणीची. आधुनिक भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून दुसऱ्याचं नाव घेतलं जातं. स्टीफन्स वारले १६१९ मध्ये, म्हणजे ही दोन्ही छापलेली त्यांनी पाहिली नाहीत. हिशोब असा: कथा सांगायची, गायची तेव्हा मराठी. धर्मशिक्षणाच्या वर्गात, कबुलीजबाब ऐकताना, घरात बोलताना कोंकणी. काव्याची एक भाषा आणि व्यवहाराची दुसरी, हे तेव्हाच्या गोव्यात कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. आपल्याला वाटतं, कारण मधल्या काळात दोन्ही बाजूंनी 'बोली की भाषा' हा वाद पिढ्यान्‌पिढ्या लढवला. तेव्हा केंद्राने त्यांचं नाव घेतलं यात कुरघोडी नाही. कोंकणीचं पहिलं व्याकरण लिहिणाऱ्याचं नाव कोंकणीच्या केंद्राने घ्यायचं नाही तर कुणी?

आता लिपी. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कमी चर्चा झालेली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. स्टीफन्सना देशी अक्षरांचे खिळे पाडून छपाई करायची होती. १६०८ मध्ये त्यांनी येशूसंघाच्या मुख्याधिकाऱ्याला रोमला पत्र लिहून त्यासाठी मदत मागितली. शेकडो जोडाक्षरं, काना-मात्रा, त्यांचे साचे: ते जमलं नाही. मग पुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं, पोर्तुगीज उच्चारांच्या हिशोबाने. 'केले' लिहायचं तर 'क'साठी पोर्तुगीज रीतीने 'क्यू' आणि 'यू'. पण पोर्तुगीजमध्ये ण, ळ, ट, ड नाहीत. त्यासाठी युक्ती केली की अक्षर दोनदा लिहायचं. डबल 'एन' म्हणजे ण, डबल 'एल' म्हणजे ळ. 'पुराण' हा शब्द त्या काळच्या लिपीत डबल 'एन'ने लिहिलाय.

आता पर्वरीच्या केंद्राच्या नावाची रोमन पाटी डोळ्यांसमोर आणा. 'कोंकणी' या शब्दात डबल 'एन' आहे. टायपिंगची चूक वाटते, पण तो ण आहे, चारशे वर्षं जुन्या युक्तीने लिहिलेला. 'क्यू-यू' जाऊन 'के' आला, 'श'साठी पोर्तुगीज वळणाचा 'एक्स' राहिला, शेवटच्या अनुस्वारासाठी 'एम' राहिला. गोव्यात या लिपीला 'रोमी' म्हणतात. कुवेतमध्ये गोव्याची मंडळी मिस्सेत जी पुस्तिका हातात धरतात, तियात्राच्या जाहिरातीचा जो कागद दुकानाच्या काचेवर लावतात, तो याच लिपीत.

मूळ पुस्तकाचं काय झालं ते विलक्षण आहे. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. भाषा काही सुटली नाही. पण तिच्यातली पुस्तकं छापणं थांबलं. पुराण टिकलं ते हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींत, घराघरांतून आणि देवळांतून म्हणण्याच्या प्रथेमुळे. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर प्रती कानडी मुलखात गेल्या, आणि १९०७ मध्ये जोसेफ सालढाना यांनी मंगळूरहून ते पुन्हा छापलं. रोमन अक्षरांतच.

मराठी वाचकाच्या हाती ते देवनागरीत आलं १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या लिप्यंतरातून. दरम्यान लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात एक वेगळीच हस्तलिखित प्रत सापडली होती, देवनागरीतली. अमेरिकन मिशनरी आणि मराठी संतांचे अभ्यासक जस्टिन अ‍ॅबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिच्यावर लिहिलं आणि हीच मूळ संहिता असं मत मांडलं. तिच्यात रोमन प्रतींमधल्या पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, स्टीफन्सनी आधी असंच लिहिलं, पोर्तुगीज शब्द छापताना आले. दुसरा म्हणतो, नंतरच्या कुणा लेखकाने ते 'शुद्ध' केलं. वर म्हटलं तसं शब्दांची निवड म्हणजेच इथे धर्मशास्त्र, त्यामुळे हा वाद लेखनिकाच्या चुकांचा नाही. मूळ कुठलं यावर स्टीफन्स किती धीट होते याचं उत्तर ठरतं. मला दुसरा पक्ष जास्त पटतो. छपाईसाठी चर्चची परवानगी घ्यायला निघालेल्या माणसाने संस्काराचे शब्द पोर्तुगीज ठेवणं स्वाभाविक आहे, आणि पुढे देवनागरीत उतरवणाऱ्याला ते कानाला खटकणंही तितकंच स्वाभाविक. कॅरिडाड ड्रॅगो यांनी १९९६ मध्ये पॉप्युलर प्रकाशनातर्फे काढलेली आवृत्ती या मार्सडेन प्रतीवर आधारलेली आहे. फादर नेल्सन फाल्काव यांनी २००९ मध्ये आजच्या मराठीत आणि २०१२ मध्ये इंग्रजीत भाषांतर दिलं. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी फाल्काव सोयीचे.

गाठ इथे पडते. मराठीतला स्टीफन्स देवनागरीत वाचला जातो. पण ते पुस्तक तीनशे वर्षं तगलं ते मुख्यतः रोमन अक्षरांमुळे, आणि रोमन अक्षरं वाचू शकणाऱ्या लोकांमुळे. ज्या लिपीने पुराण वाचवलं ती लिपी आज गोव्यात अधिकृत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यात 'कोंकणी' म्हणजे देवनागरीतली कोंकणी अशी व्याख्या आहे. मराठीचा सरकारी कामात वापर करण्याची तरतूद त्यात आहे. रोमीची नाही. साहित्य अकादमीनेही १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, पण पुस्तकांचा विचार देवनागरीतल्याच. देवनागरीच्या बाजूनेही युक्तिवाद आहे: एका भाषेला पाच लिप्या असल्या तर शाळेचं एक पुस्तकही धड निघत नाही, आणि हिंदू कोंकणी घरांत देवनागरीच सवयीची. तो मी हलक्यात घेत नाही. तरी त्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, तियात्राच्या संहिता असा एक अख्खा छापील संसार रोमीत होता. कोंकणीतलं पहिलं नियतकालिक 'उदेंतेचें साळक' १८८९ मध्ये निघालं तेही रोमीत, आणि निघालं कुठून? पुण्याहून! पहिलं तियात्र झालं १८९२ मध्ये मुंबईत. म्हणजे रोमी ही काही आपल्यापासून दूर, मांडवीपलीकडे घडलेली भानगड नाही.

पर्वरीच्या केंद्राचं काम या पार्श्वभूमीवर पाहावं. १९८० च्या दशकात उभी राहिलेली ही संस्था कोंकणी भाषा, साहित्य, लोकगीतं यांवर संशोधन करते, 'सोद' नावाची संशोधनपत्रिका काढते, कोंकणी न येणाऱ्यांना शिकवते. पण तिची विशेष ओळख आहे ती रोमीचं शुद्धलेखन नियमबद्ध करण्यासाठी. वर्षानुवर्षं जो तो आपल्या कानाने लिहीत होता. कुणी 'क'साठी पोर्तुगीज अक्षर वापरी, कुणी इंग्रजी. ण एकेरी की दुहेरी हेही लहरीवर. ज्या लिपीमागे सरकार नाही, पाठ्यपुस्तक नाही, तिचे नियम कुणीतरी बसून ठरवावेच लागतात. फादर प्रताप नाईक यांनी संचालक म्हणून बरीच वर्षं हे किचकट, कंटाळवाणं वाटेल असं काम रेटलं. बातमीत येण्यासारखं त्यात काही नसतं.

हे काम गोव्याबाहेर किती उपयोगी पडतं ते कुवेतमध्ये कळतं. १९४६ मध्ये इथून तेलाची निर्यात सुरू झाली आणि त्यानंतर अहमदीच्या तेलवसाहतीत, पुढे शहरात गोव्याची माणसं कामाला येत राहिली. तेव्हा इथे चलनही भारतीय रुपयाच होता, कुवेती दिनार १९६१ चा. आता इथे तिसरी पिढी वाढतेय. भारतीय शाळांत इंग्रजी आणि हिंदी असते, कोंकणी असण्याचा प्रश्नच नाही. हिंदीमुळे मुलांना देवनागरी येते हे खरं. पण घरात आजीचं प्रार्थनेचं पुस्तक रोमीत, वडिलांच्या फोनवरचे कोंकणी मेसेज रोमीत, देवळातली गीतं रोमीत. या मुलांना 'कोंकणी शिकायचीय तर आधी देवनागरीत वाच' म्हटलं तर ती कोंकणीच सोडतील, इंग्रजीत प्रार्थना म्हणतील. काही आधीच म्हणतात. मंगळूरच्या मुलांची अडचण त्याहून मोठी, कारण कन्नड लिपी त्यांना शाळेतून मिळतच नाही. त्यांच्यातलेही बरेच जण कोंकणी रोमन अक्षरांत टाइप करतात, आपापल्या मनाने, डबल 'एन'शिवाय.

वसईकरांची गोष्ट वेगळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली तेव्हा वसईने मराठी घेतली, आणि नुसती घेतली नाही, घडवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्कारापर्यंत गेलं, आणि ते स्वतः २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. स्टीफन्सच्या मराठीचा वारसा आज देवळात कुठे ऐकू येत असेल तर तो वसईत. पण वसईकराच्या हाती पुराण येतं ते देवनागरीत, टीपांसह. मूळ ज्या अक्षरांत छापलं ती अक्षरं तो इंग्रजीसारखी वाचायला जातो आणि पहिल्याच ओळीत अडखळतो.

म्हणून कुवेतमधल्या श्रोत्यांना एक उद्योग सुचवतो. सालढानांची १९०७ ची आवृत्ती इंटरनेटवर स्कॅन केलेली मिळते. तिचं कुठलंही पान उघडा आणि एक सासष्टीकर, एक वसईकर शेजारी बसवा. सासष्टीकराने मोठ्याने वाचायचं. डबल अक्षरं, 'एक्स', शेवटचा 'एम' हे त्याच्या अंगवळणी आहे, फक्त 'क्यू-यू' दिसलं की 'क' म्हणायचं एवढं सांगा. त्याला अर्थ पुरता लागणार नाही, कारण भाषा मराठी आणि तीही जुनी. वसईकराने डोळे मिटून नुसतं ऐकायचं. तीन-चार ओव्यांनंतर तो मध्येच थांबवेल आणि अर्थ सांगू लागेल. आणि मध्येच एखाद्या शब्दावर तो अडेल, तेव्हा सासष्टीकर म्हणेल, अरे, हा तर आमच्या घरातला शब्द.